लोहाफेक्स, २००९ : जहाज निघाल्यावर विचारलेली परवानगी

केप टाउन सोडून सहा दिवस झाले होते. १३ जानेवारी २००९ रोजी 'पोलारस्टर्न' या जर्मन संशोधन-जहाजावरच्या प्रयोगाला बर्लिनहून स्थगिती मिळाली. जहाज तेव्हा दक्षिण अटलांटिकमध्ये होतं. त्यावर जवळपास पन्नास शास्त्रज्ञ होते, त्यांतले निम्म्याहून अधिक भारतीय. मोहिमेची भारतीय बाजू गोव्यात दोना पावलला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे, म्हणजे एनआयओकडे होती. जहाजात वीस टन फेरस सल्फेट भरलं होतं. आपल्याकडे त्याला हिराकस म्हणतात. ते समुद्रात सोडायचं आणि पुढे काय होतं ते आठवडेच्या आठवडे मोजत राहायचं, एवढाच प्रयोगाचा गाभा होता. जर्मनीच्या संशोधन मंत्रालयाने सांगितलं की स्वतंत्र तपासणी होईपर्यंत यातला कणही पाण्यात जाता कामा नये. जहाजाला मात्र कोणी परत बोलावलं नाही. ते पुढे जात राहिलं, प्रयोगासाठी योग्य जागा शोधत राहिलं.

या प्रयोगाचं नाव लोहाफेक्स. हवामानात जाणूनबुजून मोठा हस्तक्षेप करण्याच्या तंत्रांना, म्हणजे जिओइंजिनिअरिंगला, कोणी आणि कशी परवानगी द्यायची यावर आज जगभर चर्चा चालते. त्या चर्चेत हार्वर्ड विद्यापीठाचा फुगा येतो, सूर्यप्रकाश परतवणारे सल्फरचे कण येतात, कार्बन क्रेडिट (हवेतला कार्बन कमी केल्याबद्दल विकता येणारी प्रमाणपत्रं) येतात. लोहाफेक्सचा उल्लेख क्वचित होतो. मला मात्र नैतिकतेचे आणि नियमांचे जवळजवळ सगळे अवघड प्रश्न या एका सफरीत एकत्र आलेले दिसतात. शिवाय ही आपल्या दारातली गोष्ट आहे. भारतीय संस्था या विषयात प्रेक्षक नव्हत्या, त्या थेट आखाड्यात होत्या.

लोह का?

दक्षिण महासागराच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर असतात, तरी तिथे वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, त्या मानाने फारच कमी वाढतात. १९८०च्या दशकात अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी यामागचं कारण म्हणून लोहाची टंचाई पुढे आणली. जमिनीपासून इतक्या दूर धुळीतून येणारं लोह पोचत नाही, म्हणून बाकीचं खत पडून राहतं. ऊस किंवा भुईमुगाची पानं लोहाअभावी पिवळी पडली की शेतकरी हेच फेरस सल्फेट फवारतो. मार्टिन यांचं म्हणणं तेच, फक्त शेत महासागराचं. त्यांनी १९८८ मध्ये एका व्याख्यानात म्हटलं होतं की मला अर्धा टँकर लोह द्या, मी तुम्हाला हिमयुग देतो. वाक्य गंमतीत उच्चारलेलं होतं, पण पुढची वीस वर्षं ते या विषयाच्या मानगुटीवर बसून राहिलं.

कारण हिशेब मोहात पाडणारा होता. प्लवक वाढतात तेव्हा पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात. ते मरून किंवा खाल्ले जाऊन खोल बुडाले, हजार मीटरच्या खाली गेले, तर तो कार्बन शेकडो वर्षं हवेत परतत नाही. थोडंसं लोह टाकलं की प्रचंड कार्बन बुडणार, असा अर्थ काढायला वेळ लागला नाही. १९९३ पासून लोहाफेक्सच्या आधी भर समुद्रात असे डझनभर शास्त्रीय प्रयोग झाले. लोह टाकलं की पाणी हिरवं होतं, हे जवळपास प्रत्येकात दिसलं. कार्बन खरोखर तळाकडे जातो का, हे मात्र बहुतेकांत नीट मोजताच आलं नाही, कारण त्याला लागतो तितका वेळ जहाजं थांबली नव्हती.

दरम्यान काही खासगी कंपन्यांना यात धंदा दिसू लागला. प्लँक्टॉस नावाच्या अमेरिकन कंपनीने २००७ मध्ये गालापागोस बेटांच्या पश्चिमेला लोह टाकून कार्बन क्रेडिट विकण्याची योजना जाहीर केली. विरोध झाला, पैसा आटला, योजना बारगळली. पण त्या बातमीने सगळ्या पर्यावरण-संघटना सावध झाल्या आणि आंतरराष्ट्रीय करारांची यंत्रणा हलली. लोहाफेक्सला जो विरोध झाला त्यात प्लँक्टॉसचा राग मोठ्या प्रमाणात मिसळलेला होता, हे लक्षात ठेवावं लागतं.

करार आणि माणसं

लोहाफेक्सचा पाया ऑक्टोबर २००७ मध्ये घातला गेला. जर्मन चॅन्सेलर अँगेला मर्केल दिल्लीत आल्या असताना दोन्ही देशांच्या वैज्ञानिक संस्थांमध्ये सहकार्याचा करार झाला, आणि ब्रेमरहाफेनची आल्फ्रेड वेगेनर संस्था आणि आपली एनआयओ यांचं हे संयुक्त काम त्या सहकार्याचं ठळक उदाहरण ठरलं. खर्च दोघांचा, जहाज जर्मनांचं.

मोहिमेचे प्रमुखही दोन. जर्मन बाजूने व्हिक्टर स्मेटासेक; त्यांचा जन्म भारतातला, बालपण कुमाऊँच्या डोंगरातलं. भारतीय बाजूने एनआयओचे वाजिह नक्वी. नक्वी यांच्याबद्दल एक गोष्ट इथे मुद्दाम सांगायला हवी, कारण या वादात ती पार झाकली गेली. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या पाण्यात पावसाळ्याच्या अखेरीस प्राणवायू संपत येतो आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा तीव्र हरितगृह वायू तयार होतो, यावरचं त्यांचं संशोधन जगभर नावाजलेलं आहे. लोह टाकून प्लवक वाढवले, ते खोल पाण्यात कुजले, तर प्राणवायू घटून हाच वायू वाढेल, ही लोहखताविरुद्धची एक मुख्य शंका. म्हणजे ज्या धोक्याचा इशारा विरोधक देत होते, त्या धोक्याचा आयुष्यभर अभ्यास केलेला माणूस जहाजावर होता. मोहिमेत तो वायू मोजलाही जाणार होता.

नियम काय सांगत होता

मे २००८ मध्ये जर्मनीतल्याच बॉन शहरात जैवविविधता कराराच्या सदस्य देशांची नववी परिषद भरली. यजमान आणि अध्यक्ष होतं जर्मनीचं पर्यावरण मंत्रालय. त्या परिषदेत ठरलं की पुरेसा शास्त्रीय आधार आणि जागतिक, पारदर्शक, परिणामकारक नियंत्रण-यंत्रणा तयार होईपर्यंत समुद्राला खत घालण्याचे उपक्रम होणार नाहीत याची सदस्य देशांनी काळजी घ्यावी. अपवाद एकच ठेवला : किनारी पाण्यातले छोट्या प्रमाणावरचे शास्त्रीय अभ्यास. तेही आधी परिणामांचं कसून मूल्यांकन करून, आणि त्यातून कार्बन क्रेडिट किंवा अन्य व्यापारी फायदा न घेता.

या अपवादावर थोडं थांबायला हवं. लोहाची टंचाई असते ती भर समुद्रात, किनाऱ्यापासून दूर. किनारी पाण्याला जमिनीवरून लोह मिळतंच. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं तो प्रश्न जिथे विचारताच येत नाही, नेमक्या तिथेच प्रयोग करायला परवानगी होती. हे कलम लिहिताना समुद्रशास्त्रज्ञांना विचारलं असतं तर ते असं लिहिलं गेलं नसतं, असं मला वाटतं. बॉनच्या निर्णयाचा हेतू चांगला होता, पण त्याची घडण घाईची होती. तो कायद्याने बंधनकारकही नव्हता. सदस्य देशांना केलेली ती गंभीर विनंती होती.

पाच महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर २००८ रोजी, समुद्रात कचरा टाकण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या लंडन करार आणि लंडन प्रोटोकॉलच्या देशांनी वेगळी रेघ ओढली. 'योग्य शास्त्रीय संशोधन' असेल तर समुद्रात खत टाकायला हरकत नाही, पण प्रत्येक प्रस्तावाचं स्वतंत्र मूल्यांकन व्हायला हवं. संशोधन नसेल तर सध्या परवानगी नाही. इथे किनाऱ्याची अट नव्हती. अडचण एवढीच की मूल्यांकन कसं करायचं याची चौकट अजून तयार व्हायची होती. ती २०१० मध्ये आली.

म्हणजे जानेवारी २००९ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय निर्णय समोर होते. एकाप्रमाणे लोहाफेक्स बाहेर पडत होतं, दुसऱ्याप्रमाणे बसत होतं, पण दुसऱ्याची फूटपट्टी अजून घडवली गेली नव्हती. प्रयोगाची जागा साधारण ४८ अंश दक्षिण अक्षांशावर, खुल्या समुद्रात. अंटार्क्टिक करार ६० अंशांच्या दक्षिणेला लागू होतो, म्हणून तोही इथे लागत नव्हता. खुल्या समुद्रात संशोधन करण्याचं स्वातंत्र्य समुद्र-कायदा प्रत्येक देशाला देतो, आणि त्याच कायद्यात सागरी पर्यावरण जपण्याचं कर्तव्यही आहे. अशा वेळी शेवटी उरतो तो जहाजावरचा झेंडा. पोलारस्टर्नवर तो जर्मनीचा होता.

तेरा दिवस

जहाज ७ जानेवारीला केप टाउनहून निघालं आणि लगेच कॅनडास्थित 'ईटीसी ग्रुप' या संघटनेने आवाज उठवला : बॉनमध्ये दिलेला शब्द मोडला जातोय. ही गोष्ट जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाला झोंबणं साहजिक होतं, कारण तो शब्द त्याच्याच अध्यक्षतेखाली दिला गेला होता. पर्यावरणमंत्री झिग्मार गाब्रिएल यांनी प्रयोग थांबवण्याची मागणी केली. संशोधनमंत्री होत्या आनेटे शावान. दोघं एकाच आघाडी सरकारात, पण वेगवेगळ्या पक्षांचे, आणि सप्टेंबरमध्ये निवडणूक. शावान यांनी प्रयोग रोखला आणि बाहेरून मतं मागवली गेली. पर्यावरणीय जोखमीबद्दल ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे आणि कील इथली सागरी संशोधन संस्था, तर कायद्याबद्दल हायडेलबर्ग आणि कील विद्यापीठांतले तज्ज्ञ यांनी मतं दिली. २६ जानेवारीला परवानगी मिळाली. पर्यावरण मंत्रालयाचा आक्षेप तसाच राहिला.

संस्थांनी आपली बाजू मांडताना जो युक्तिवाद केला त्यातला एक भाग पटण्यासारखा आहे, एक नाही. पटणारा भाग मात्रेचा. पहिल्या फेरीत दोन टन लोह तीनशे चौरस किलोमीटरवर पसरायचं होतं. भागाकार केला तर एका चौरस मीटरला सात मिलिग्रॅमही येत नाही, आणि तेही पुढे कित्येक मीटर खोलवर मिसळून जाणार. पाण्यात लोह मिसळल्यावरही त्याचं प्रमाण किनारी समुद्रात नैसर्गिकरीत्या असतं त्याच्या पुढे जात नाही. साउथ जॉर्जिया बेटाच्या आसपास बेटावरून येणाऱ्या लोहामुळे दरवर्षी याच्या कित्येक पट मोठे हिरवे पट्टे आपोआप उमटतात. या प्रयोगाने समुद्राचं नुकसान होणार नाही, हे तपासणाऱ्यांचं मत मला पूर्ण योग्य वाटतं.

न पटणारा भाग 'किनारी पाण्या'चा. निवडलेल्या भागातले प्लवक किनारी जातींचे असतात, म्हणून या पाण्याला परिसंस्थेच्या दृष्टीने किनारी म्हणता येईल, असा एक अर्थ मांडला गेला. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटरवर हा अर्थ लावणं म्हणजे नियमाला बगल देणं. नियम चुकीचा होता, हे उघडपणे म्हणायला हवं होतं. मे २००८ ते जानेवारी २००९ या मधल्या सात महिन्यांत ते म्हणता आलं असतं. नियमातला दोष दाखवून तो दुरुस्त करा असं सांगणारा शास्त्रज्ञ विश्वास कमावतो. त्या नियमातून आपल्यापुरती वाट काढणारा, हेतू कितीही शुद्ध असला तरी, तो गमावतो.

पाण्यात काय घडलं

२७ जानेवारीला काम सुरू झालं. त्याआधी उपग्रहांच्या मदतीने सुमारे शंभर किलोमीटर व्यासाचा एक भोवरा शोधला होता. समुद्रातले असे भोवरे आठवडेच्या आठवडे स्वतःभोवती फिरत राहतात, आणि त्यांच्या गाभ्यातलं पाणी आजूबाजूच्या पाण्यात सहज मिसळत नाही. खुल्या समुद्रात एवढं मोठं भांडं दुसरं मिळत नाही. हिराकस समुद्राच्या पाण्यात विरघळवून जहाजामागे सोडली गेली. सुमारे तीन आठवड्यांनी तेवढीच मात्रा पुन्हा दिली. खत दिलेला पट्टा एकूण ३९ दिवस तपासला गेला. अशा प्रयोगांमध्ये हा काळ मोठा.

पहिल्या दोन आठवड्यांत वनस्पतिप्लवक साधारण दुप्पट झाले. आणि मग वाढ थांबली. कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव तिथे प्रचंड संख्येने होते. नवीन वाढ होईल तशी ते फस्त करत होते. त्या कोपेपॉडांना खाणारे अँफिपॉड, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले, तेही खत दिलेल्या पाण्यात जमा झाले. अँफिपॉड हे माकूल (स्क्विड) आणि देवमासे यांचं खाद्य. कार्बन बुडायच्या ऐवजी अन्नसाखळीत वर चढत होता, आणि त्यातला बराचसा श्वसनातून पुन्हा वरच्याच पाण्यात सुटत होता.

असं का झालं याचं उत्तर सिलिकात आहे. कार्बन तळाशी नेण्यात डायटम हे प्लवक तरबेज. त्यांच्याभोवती सिलिकाचं, म्हणजे काचेसारखं, कवच असतं; खाणाऱ्यांपासून ते काही प्रमाणात वाचतात आणि बहर ओसरला की गोळ्यागोळ्यांनी बुडतात. २००४ मध्ये याच जहाजावरून झालेल्या आयफेक्स प्रयोगात डायटमच वाढले होते, आणि त्या बहरातला निदान अर्धा भाग हजार मीटरच्या खाली गेल्याचं पुढे प्रसिद्ध झालं. लोहाफेक्सच्या पाण्यातलं सिलिका मात्र आधीच संपलेलं होतं. डायटम वाढूच शकले नाहीत. वाढले ते अगदी सूक्ष्म, मऊ शरीराचे प्लवक, कोपेपॉडांना सहज खाता येणारे. पाण्यात सोडलेल्या सापळ्यांत खाली जाणारे कण मोजले, तेव्हा खत दिलेल्या आणि न दिलेल्या पाण्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

१७ मार्चला जहाज चिलीतल्या पुंता आरेनासला पोचलं आणि आठवड्याच्या आत दोन्ही संस्थांनी निष्कर्ष जाहीर केला : दक्षिण महासागरात लोह टाकून मोठ्या प्रमाणावर कार्बन बुडवता येईल, या आशेला या प्रयोगाने धक्का दिला आहे. महासागराच्या ज्या भागात सिलिका संपलेलं असतं तो भाग फार मोठा आहे, त्यामुळे हा धक्काही मोठा.

बरोबर कोण होतं?

इथे एक सोपा निष्कर्ष हातात येतो आणि तो अनेकांनी काढला आहे. विरोधकांना लोहखताचा धंदा होऊ द्यायचा नव्हता. आणि त्या धंद्याविरुद्धचा सर्वांत ठोस पुरावा दिला त्यांनीच रोखू पाहिलेल्या प्रयोगाने. लोहाफेक्स झालंच नसतं तर 'लोह टाका, कार्बन बुडवा' म्हणणाऱ्या विक्रेत्याला कोणत्या मोजमापाने गप्प करणार होतो? या म्हणण्यात तथ्य आहे. संशोधनावर सरसकट बंदी घातली की अज्ञान टिकतं, आणि अज्ञानाचा फायदा नेहमी विकणाऱ्यालाच होतो.

पण या निकालावरून प्रक्रियेला माफी देणं मला मान्य नाही. निकाल काय येणार हे जानेवारीत कोणालाच माहीत नव्हतं. प्रयोग यशस्वी ठरला असता, भोवऱ्याच्या तळाशी कार्बनचा सडा पडला असता, तर एप्रिलपर्यंत कंपन्या रांगेत उभ्या असत्या, आणि त्यांना थांबवणारी एकही बंधनकारक यंत्रणा जगात नव्हती. ईटीसीची भीती मात्रेबद्दलची नव्हतीच. लहान प्रयोग मोठ्या वापराची वाट तयार करतो आणि त्या वाटेवर पुढे नाका नाही, ही ती भीती होती. त्या भीतीला 'सात मिलिग्रॅम' हे उत्तर होऊ शकत नाही.

मोठ्या वापराचे परिणाम दूरवर पोचतात आणि इथे कोकणाचाही संबंध येतो. दक्षिण महासागरातलं वरचं पाणी बुडून उत्तरेकडे सरकतं, आणि विषुववृत्ताच्या आसपासच्या समुद्रांना लागणारी पोषकद्रव्यं बऱ्याच अंशी तेच पुरवतं. २००४ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासानुसार ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेकडच्या सगळ्या सागरी उत्पादनापैकी तीन-चतुर्थांशापर्यंतचं उत्पादन या पुरवठ्यावर उभं आहे. तिकडे लोह टाकून नायट्रेट, फॉस्फेट वापरून संपवले, तर काही दशकांनी इकडच्या पाण्यात ते कमी पडतील. तारली आणि बांगड्यावर जगणारा मालवण-वेंगुर्ल्याचा रापणकर या व्यवहारात कुठेच पक्षकार नसेल. कार्बन क्रेडिट विकणारा एका खंडात, विकत घेणारा दुसऱ्या खंडात, आणि जाळं रिकामं तिसऱ्याच माणसाचं. ३०० चौरस किलोमीटरच्या प्रयोगाने असं काही होत नाही, हे मी पुन्हा सांगतो. पण प्रयोगाला परवानगी देताना 'पुढे काय' हा प्रश्न टेबलावर ठेवणारं कोणीतरी हवं, आणि ते प्रयोग करणाऱ्यांच्या बिरादरीबाहेरचं हवं. लोहाफेक्सची जोखीम ज्यांनी तपासली ते जाणकार होते, प्रामाणिक होते, पण ते सगळे त्याच शास्त्रातले होते. मच्छीमारांच्या वतीने, बेटांवरच्या देशांच्या वतीने, पुढच्या पिढीच्या वतीने प्रश्न विचारणारं त्यांत कोणी नव्हतं. आणि तपासणी चालू असताना जहाज समुद्रात, पन्नास माणसं ताटकळत, दिवसागणिक खर्च वाढत. अशा वेळी 'नाही' म्हणण्याची मोकळीक किती उरते?

निर्णय बर्लिनचा

भारतीय वाचकाने लक्ष द्यावं अशी आणखी एक बाजू आहे. जहाजावर भारतीय जास्त, निम्मी बौद्धिक मालकी भारताची, मोहिमेच्या नावात 'लोहा' हा शब्द आपला. थांबवायचं बर्लिनने ठरवलं, सोडायचंही बर्लिननेच. झेंडा आणि जहाज जर्मनीचं, म्हणून कायद्याने त्यात वावगं काही नाही. जर्मनी लंडन प्रोटोकॉलचा सदस्य, भारत नव्हता. जैवविविधता करारावर मात्र दोन्ही देशांच्या सह्या होत्या, म्हणजे बॉनची विनंती जितकी जर्मनीला तितकीच भारतालाही होती. वाद झाला तो दोन जर्मन मंत्र्यांमध्ये, जर्मन वर्तमानपत्रांत आणि जर्मन निवडणुकीच्या सावलीत.

आपल्याकडे बहुतेक चर्चा अशा सुरात झाली की श्रीमंत देशांच्या संघटना भारतीय विज्ञानाच्या आड येत आहेत. हा सूर मला समजतो. दरडोई उत्सर्जन ज्यांचं जास्त त्यांनी, ज्यांचं कमी त्यांच्या शास्त्रज्ञांना नीतीचे धडे द्यावेत, हे खटकणारच. पण त्या सुरात आपण स्वतःला विचारायचा प्रश्न राहून गेला. उद्या भारतीय जहाजावरून, भारतीय झेंड्याखाली असा प्रयोग निघाला तर परवानगी कोण देणार, कोणत्या मंत्रालयाचा शब्द अखेरचा, जोखीम-मूल्यांकन लोकांसमोर कधी ठेवणार, आणि किनाऱ्यावरच्या राज्यांना विचारणार का? जर्मनीत निदान दोन मंत्री उघडपणे भांडले, त्यामुळे कागद बाहेर आले.

त्यानंतर

जुलै २०१२ मध्ये कॅनडाच्या पश्चिमेला, हैदा ग्वाई बेटांजवळ, सुमारे शंभर टन लोहसंयुग समुद्रात टाकलं गेलं. त्यामागे प्लँक्टॉसचेच जुने प्रमुख रस जॉर्ज होते. साल्मन मासे वाढतील आणि कार्बन क्रेडिट विकता येतील, असं सांगून एका आदिवासी गावाचा पैसा त्यात घातला गेला होता. लोहाफेक्सच्या पाच पट मात्रा, आधी कोणतंही जाहीर मूल्यांकन नाही, आणि जगाला कळलं ते काही महिन्यांनी. लोहाफेक्सशी याची तुलना करताना मला हेच ठळक दिसतं की नियमांचा सगळा भार त्याच लोकांवर पडला ज्यांनी आपलं काम उघड्यावर केलं होतं. गुपचूप टाकणाऱ्याला कोणी भर समुद्रात थांबवलं नाही.

ऑक्टोबर २०१३ मध्ये लंडन प्रोटोकॉलच्या देशांनी बंधनकारक दुरुस्ती मंजूर केली : समुद्राला खत घालायचं तर फक्त शास्त्रीय संशोधनासाठी, आणि परवाना घेऊनच. सागरी जिओइंजिनिअरिंगची अन्य तंत्रंही पुढे त्यात आणता येतील अशी सोय ठेवली. दुरुस्ती अमलात यायला दोन-तृतीयांश सदस्यांची मान्यता लागते. ती मोजक्याच देशांनी दिली आहे. इतक्या वर्षांनंतरही कलम कागदावरच आहे. लोहाफेक्सनंतर खुल्या समुद्रात लोहाचा असा मोठा शास्त्रीय प्रयोग झाला नाही. शास्त्रज्ञ दूर झाले, त्यांचे निधी इतरत्र गेले.

वातावरणातल्या तंत्रांचं याहून बरं नाही. सूर्यप्रकाश परतवण्यासाठी आकाशात कण सोडण्याचा अभ्यास करू पाहणारा हार्वर्डचा स्कोपेक्स प्रकल्प स्वीडनमध्ये किरुनाहून फुगा सोडणार होता, आणि तोही कण न सोडता, फक्त उपकरणं तपासण्यासाठी. सामी आदिवासींच्या परिषदेने विचारलं, आम्हाला कोणी विचारलं? २०२१ मध्ये ते उड्डाण रद्द झालं, २०२४ मध्ये प्रकल्पच बंद झाला. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडने या विषयावर निदान एक तज्ज्ञगट नेमावा असा ठराव आणला. एकमत झालं नाही, ठराव मागे घेतला गेला. कण सोडायचे की नाही हा प्रश्न पुढचा, त्याबद्दल माहिती गोळा करायलाही देश एकत्र आले नाहीत. पावसाळ्यावर ज्याची शेती उभी आहे अशा देशाला यात गप्प बसणं परवडणारं नाही.

माझ्या मते भारताने धरावी अशी मागणी लोहाफेक्सच्या तारखांमधूनच निघते. बंदर सोडण्याआधी मूल्यांकन जाहीर झालेलं असावं. ते तपासणाऱ्यांत प्रयोगाच्या शास्त्राबाहेरची माणसं असावीत, आणि ज्यांच्या समुद्राला किंवा पावसाला झळ पोचू शकते त्या देशांचीही. आकडे, चांगले-वाईट दोन्ही, ठरलेल्या मुदतीत खुले व्हावेत. क्रेडिट विकण्याला संशोधनाच्या टप्प्यावर पूर्ण मनाई असावी. आणि एवढं पार पाडल्यावर प्रयोगाला 'हो' म्हणण्याची तयारीही असावी, कारण लोहाफेक्ससारखा नकारार्थी निकाल मिळवायला पाण्यात उतरावंच लागतं.

हे मांडायला आता जागा आहे. खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा नवा करार २०२३ मध्ये मंजूर झाला, भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर सही केली आणि जानेवारी २०२६ पासून तो अमलात आहे. राष्ट्रीय हद्दीपलीकडच्या समुद्रात करायच्या कामाचं पर्यावरणीय मूल्यांकन कसं व्हावं, ते कोणाला दाखवावं, हा त्याचा एक पूर्ण भाग आहे. त्याचे तपशीलवार निकष पुढच्या बैठकांमध्ये ठरायचे आहेत. मूल्यांकन करून काम सुरू करायचं की नाही याचा निर्णय मात्र त्यातही त्या कामावर ताबा असलेल्या देशाकडेच ठेवला आहे. भोवऱ्याकाठी थांबलेल्या पोलारस्टर्नच्या वेळीही तो तसाच होता. निकषांच्या चर्चेला जाणाऱ्या भारतीय शिष्टमंडळात दोना पावलचं कोणी असेल तर या कलमाचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगावा लागणार नाही.